उजवी ना, काका?

त्या बाजाराच्या दिवशी काय काय घडलं, ते मला अजूनही जसंच्या तसं सांगता येतं. नोकरीतल्या चोऱ्या, मारामाऱ्या, विहिरीतली प्रेतं, सगळं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलं आहे. कोणतं बाभुळगावचं आणि कोणतं वणीचं, हेही कधी कधी आठवत नाही. या प्रकरणात खून नव्हता, दरोडा नव्हता, तरीही त्या दिवशी मला जेवढा घाम फुटला तेवढा दंगलीतही फुटला नसेल.

निवृत्तीच्या थोडं आधी मी घाटंजीकडच्या एका गावात ठाणेदार होतो. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहिणार नाही. त्यातली बरीच मंडळी अजून त्याच बाजारात भाजी घेतात.

सकाळची हजेरी आटोपून मी बाजार बंदोबस्ताला माणसं वाटून देत होतो, तेवढ्यात पुढे गेलेल्या शिपायाचा फोन आला. "साहेब, दवाखान्यासमोर लोक जमून राह्यले. एक काच फुटली."

गावात एकच सर्जन होता आणि त्याचा खासगी दवाखाना बसस्टँडच्या मागे होता. मी पोहोचलो तेव्हा फाटकाबाहेर दीड-दोनशे माणसं असतील. बाजाराचा दिवस असला की गर्दी जमवायला कोणाला कष्ट पडत नाहीत. निम्म्या लोकांना काय झालं हेही माहीत नव्हतं, पण दगड उचलायची तयारी सगळ्यांची होती. फाटक बंद करून घेतलं, तिथे माझी माणसं उभी केली आणि आत गेलो.

आत वॉर्डात एक हमाल निजलेला होता. कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्यभर बोजे उचललेले, साठीला टेकलेले काका. त्यांच्या डाव्या जांघेत आतडं उतरलं होतं, म्हणजे हर्निया. आदल्या दिवशी ऑपरेशन झालं होतं. सकाळी त्यांची मुलगी अंग पुसायला बसली आणि तिने पाहिलं की पट्टी उजव्या बाजूला आहे. डावीकडची सूज होती तशीच होती.

मुलगी गावात शिवणक्लास चालवायची. रडत नव्हती. तिने पर्समधून तपासणीचा कागद काढून माझ्यासमोर धरला, त्यावर डॉक्टरच्याच अक्षरात डावी बाजू लिहिलेली. "जयभीम साहेब," ती म्हणाली. "माह्या बाबाचं दुखनं डाव्या अंगाले हाय अन् चिरा उजव्या अंगाले देला. डाक्टर म्हनते दोन्ही बाजू कमजोर होत्या. मंग आमाले कालच काहून नाही सांगतलं?"

सर्जनला मी त्याच्या केबिनमध्ये एकट्याला गाठलं. दार लावल्यावर त्याने दोन बाजूंची गोष्ट सोडून दिली. "चूक झाली," म्हणाला.  आदल्या दिवशी हर्नियाची दोन ऑपरेशनं होती. पहिला पेशंट उजव्या बाजूचा. पण त्याला घरच्यांनी सकाळी चहा पाजला होता, म्हणून भूलतज्ज्ञाने त्याला मागे ढकललं आणि हमालकाकांना आधी आत घेतलं. सर्जनच्या डोक्यात उजवी बाजूच राहिली. "पण मी पेशंटला विचारलं होतं, त्यांनी स्वतः उजवी सांगितली," हे मात्र तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "सिस्टरकडे चेकलिस्ट आहे. तिने टिक केलंय. कागदाचं काम सिस्टरचं असतं."

त्याचं ते शेवटचं वाक्य ऐकून माझं डोकं फिरलं. आपल्या हातातला चाकू दुसऱ्याच्या हातात देणारी माणसं मी लॉकअपमध्ये पुष्कळ पाहिली आहेत. ती डॉक्टर असतील असं मात्र वाटलं नव्हतं.

आता इथे कायद्याची एक अडचण सांगायला हवी. डॉक्टरवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल करायचा तर आधी सरकारी वैद्यकीय समितीचा अभिप्राय मागवावा लागतो. न्यायालयांनी तसं बजावलं आहे आणि ते योग्यच आहे, नाहीतर प्रत्येक मयतीमागे एक डॉक्टर कोठडीत बसेल. पण बाहेरच्या गर्दीला अभिप्राय वगैरे काही कळत नव्हतं. त्यांना कोणीतरी गाडीत बसवलेला दिसायला हवा होता.

दुपारी मी जरा ठाण्यात आलो होतो, तेव्हा तिथल्या फोनवर खबर आली. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "साहेब, चेकलिस्टचा कागद ताब्यात घ्या. तो सिस्टरनं मागून भरला. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं, बाहेर बाकावर बसून भरून राह्यली होती." आणि फोन ठेवला.

दोन पंच बोलावले, पंचनामा केला, कागद जप्त केला. हा चेकलिस्टचा कागद म्हणजे ऑपरेशन टेबलावर तीन वेळा थांबून विचारायचे प्रश्न. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर काढण्याआधी. नाव काय, ऑपरेशन कोणतं, बाजू कोणती, त्या बाजूला पेनाने खूण केली का, कापडं आणि सुया मोजल्या का. प्रत्येकासमोर एक चौकोन. सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच वेगाने केल्यासारख्या. पेनाने खूण केली का, एवढाच चौकोन रिकामा होता.

मी माझ्या वरिष्ठांना, उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना, फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डॉक्टरला हात लावू नका. पण खोटा कागद तयार करणं हा साधा फौजदारी गुन्हा आहे. त्या सिस्टरला अटक करा, गाव शांत होईल. आणि सूर्य मावळायच्या आत करा." सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर महिला अधिकारी लागते, न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. माझ्याकडे एक महिला शिपाई तेवढी होती. म्हणजे जे काय करायचं ते ऊन आहे तोवर.

सिस्टर तिशीची असेल. वडिलांचं गावात मोटरसायकली दुरुस्तीचं दुकान. खानदानात नोकरी करणारी पहिली मुलगी. तिला मी ठाण्यात बोलावलं नाही, दवाखान्यातल्याच एका खोलीत महिला शिपायाला बसवून विचारपूस केली. खिडकीतून गर्दीचा आवाज येत होता आणि मधूनच तिच्या हुद्द्याचं नाव घेऊन कोणी शिवी देत होतं.

"कागद मागून भरलास?"

"शेवटचा भाग मागून भरला साहेब. कापडं मोजली होती, पण दुसरा पेशंट टेबलावर आला म्हणून लिहायचं राहिलं. बाहेर बाकावर बसून लिहिलं."

"आणि बाजूचं?"

"ते तिथंच. काकांच्या डोक्याशी उभी राहून. सरांनी विचारलं, काका हो म्हणाले, मी टिक केलं. मी खोटं नाही बोलून राह्यली साहेब." मग खिडकीकडे बघत हळूच म्हणाली, "अब्बा दुकान बंद करून घरी बसले हायेत. कोणीतरी सांगितलं त्यांना, तुमची पोरगी आज आत जाते म्हणून."

मी वॉर्डात गेलो. काकांना विचारलं तर ते छताकडे बघत म्हणाले, "मले कोनी काही इचारलं नाही."

म्हणजे दोघांपैकी एक खोटं बोलत होता. इतक्या वर्षांत खोटं बोलणाऱ्याचा वास यायला लागतो. तो वास मला दोन्ही खोल्यांत येत नव्हता, आणि त्यानेच मी जास्त बेचैन झालो. ऊन भिंतीवर चढायला लागलं होतं. उपविभागीय अधिकाऱ्यांचा पुन्हा फोन आला, झालं का म्हणून.

मी राइटर हवालदाराला घेऊन काकांच्या खाटेशी आलो. म्हटलं, रीतसर जबाब तरी लिहून घेऊ. आमचा राइटर मोठा झपाट्याचा माणूस. प्रश्न तोंडात असतानाच त्याचं पेन उत्तर लिहायला लागायचं.

"म्हणजे काका, सिस्टर तुमच्याजवळ आलीच नाही. बरोबर?"

"हो जी."

त्याने लिहिलं. मी खिडकीतून फाटकाकडे बघत होतो. माझ्या डोक्यात सिस्टरचं बोलणं घोळत होतं, म्हणून वळून म्हणालो, "पण सिस्टर कागद घेऊन तुमच्या डोक्याशी उभी होती ना, काका?"

"हो जी."

हवालदाराचं पेन थांबलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. मालकासमोर उभा राहतो तसा तो माणूस निजल्या निजल्या आज्ञाधारकपणे माझ्याकडे बघत होता. मी स्टूल ओढून बसलो.

"काल तुम्हाला आत नेलं तेव्हा मी दारात उभा होतो. खरं ना?"

"हो जी."

काल मी यवतमाळला क्राइम मीटिंगमध्ये बसलो होतो.

मुलीच्या हातातला पाण्याचा गिलास तसाच राहिला. "बाबा, काहून हो हो करून राह्यले? साहेब काल इथं होते कोठी?"

काका तिच्यावरच वैतागले. "मोठ्या मानसाले नाही कसं म्हनाव वं? जिनिंगमंदी सेठ म्हनते, गाडी भरली ना? भरली नसन तरी हो म्हनाव लागते, अन् मंग पयत जाऊन भराव लागते. नाही म्हटलं त दुसऱ्या दिवशी दुसरा हमाल."

मी हवालदाराला पेन खिशात ठेवायला सांगितलं. टोपी काढून बाजूला ठेवली. म्हणालो, "काका, आता मी काहीच सांगत नाही. काल आत गेल्यावर काय काय झालं, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

 असं कोणी त्यांना विचारत नसावं. ते हळूहळू बोलायला लागले.

"मले टेबलावर बसवलं. सिस्टर कागद घेऊन आली, नाव घेतलं माहं. मंग डाक्टर सायेब आले. म्हने, उजवी ना काका? मी म्हटलं हो जी. मंग पाठीत सुई देली."

"पण तुमची तर डावी."

"हो न. डावीच."

"मग?"

"मले वाटलं शिकेल मानूस हाय, उजवीकडूनच एखांदी नस धरत असन. आपन कायले मधात बोलाव?"

"आणि तुम्ही तर म्हणालात, कोणी विचारलंच नाही."

काकांना माझ्या अकलेची कीव आल्यासारखी दिसली. "इचारलं कोठी सायेब? तेयनं सांगतलं. मी हो म्हटलं. इचारनं असं राह्यते का?"

 सर्जन खरं बोलत होता, सिस्टर खरं बोलत होती आणि हा माणूसही खरंच बोलत होता. सर्जनने जे विचारलं असं त्याला वाटलं, ते या माणसाला हुकूम म्हणून ऐकू आलं. आणि कागदावर मात्र खूण झाली की पेशंटला विचारलं.

सिस्टरकडे परत गेलो. या वेळी तिलाही मी उत्तर पुरवलं नाही. कागदावरचा रिकामा चौकोन दाखवला आणि म्हटलं, सांग. खोटा कागद भरणारा माणूस एकही जागा रिकामी ठेवत नाही, हे मला दुपारीच सुचायला हरकत नव्हती, पण खिडकीबाहेर दोनशे माणसं असली की साध्या गोष्टी उशिरा सुचतात.

तिने ओढणीने चेहरा पुसला. "पेनाची खूण नव्हती. मी सरांना म्हटलं, सर, मार्क नाहीये. सर म्हणाले, विचारलंय ना आपण, चला पुढे, भूलवाल्या सरांना परत जायचंय. मी चौकोन सोडून दिला अन् पुढचं वाचलं." मग म्हणाली, "मी बोलली साहेब, पण थांबली नाही. मी थांबायला पाहिजे होतं."

"काकांचा कागद कुठे होता, डावी लिहिलेला?"

"भूलवाल्या सरांच्या हातात. ते बीपी लिहून राह्यले होते."

फोनवरच्या माणसाने बाकावर जे पाहिलं ते खरंच होतं. त्याने लावलेला अर्थ तेवढा चुकला. खबऱ्यांच्या बाबतीत हे नेहमीचं आहे, म्हणून मी खबर घेतो आणि अर्थ माझा मी लावतो.

मी उपविभागीय अधिकाऱ्यांना कळवलं की कागद खोटा नाही, सिस्टरला अटक करणार नाही, वैद्यकीय समितीकडे प्रकरण पाठवतो. ते चिडले. "रात्री दवाखाना जाळला तर?" मी म्हणालो, तर मी इथेच आहे. ते म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर." पोलीस खात्यात हे शब्द ऐकले की माणसाने आपली पेन्शन आठवायची असते. मलाही आठवली. बायकोचा चेहराही आठवला. पण त्या पोरीला गाडीत बसवायला माझा हात उठला नसता.

बाहेर काय सांगायचं हा प्रश्न होताच. तो काकांच्या मुलीने सोडवला. मी तिला सगळं समजावून सांगितलं होतं. तिने दोन उलट प्रश्न विचारले, मग सरळ फाटकाशी गेली. लोक गप्प झाले. ती म्हणाली, "सिस्टरनं कागद खोटा नाही भरला. डाक्टरची तक्रार मी देली हाय, ते मी मागं घेत नाही. पन या बाईले आत टाकून माह्या बाबाचं आतडं वर चढनार नाही. घरी जा." काही लोक हळूहळू पांगले, काही खांबाला टेकून उभे राहिले. बाजारही उठायला लागला होता.

आता सुटलो असं वाटलं, तेवढ्यात वॉर्डातून आरडाओरडा ऐकू आला.

काकांना सकाळपासून खोकला होता. खोकता खोकता डावीकडचं आतडं खाली उतरलं आणि अडकलं. सूज दगडासारखी घट्ट झाली, उलट्या सुरू झाल्या. सर्जनने हात लावून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. आतडं असं आवळून राहिलं की त्याचं रक्त बंद होतं, आतडं मरतं आणि मग माणूसही मरतो. तो म्हणाला, अँब्युलन्स देतो, यवतमाळला न्या, माझ्यावर तुमचा विश्वास नसणार. मुलगी चपला घालून तयार झाली.

काकांनी खाटेचा गज धरला. "मी कोठी जात नाही. इथंच करा."

"बाबा, याच डाक्टरकडं?"

कळ आली तशी त्यांनी दात आवळले, आणि ती ओसरल्यावर म्हणाले, "तिथं सारे नवे. पुन्हा पयल्यापासून. इथल्या लोकायले आता माही बाजू पाठ झाली."

एवढ्या ताणात मला हसू फुटलं आणि लाजही वाटली. मुलीने वडिलांकडे पाहिलं, सर्जनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भूलतज्ज्ञ त्या दिवशीही गावात आलेला होता आणि तो थांबायला तयार होता. ती म्हणाली, "करा. पन सिस्टर इचारन. अन् साहेब आत उभे राह्यतीन."

म्हणून मला हिरवा गाऊन आणि टोपी घालून ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभं केलं. प्रेतं पाहिली आहेत, शवविच्छेदनाला उभा राहिलो आहे, पण जिवंत माणसाला टेबलावर बघताना मी दाराची चौकट धरून ठेवली.

सिस्टर कागद घेऊन काकांच्या डोक्याशी आली. आवाज स्पष्ट होता. "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा." काकांनी सांगितलं. "आज काय करायला आणलंय तुम्हाला?" तेही सांगितलं, त्यांच्या भाषेत. "कोणत्या बाजूचं? मी नाही सांगणार. हात ठेवून दाखवा."

काका थांबले. आम्ही सगळे थांबलो. त्यांची नजर आधी डॉक्टरकडे गेली. तिथे उत्तर शोधायची सवय आयुष्यभराची, एका दिवसात कशी जाईल? सर्जन तोंड उघडणार होता. सिस्टर म्हणाली, "सर, तुम्ही बोलू नका." काल हीच सिस्टर याच माणसासमोर चौकोन सोडून पुढे गेली होती. सर्जन मुकाट्याने भिंतीकडे वळला. मग काकांची नजर माझ्याकडे आली. मी खाली फरशीकडे बघितलं. कळ येत होती, वेळ चालला होता, आणि कोणीच त्यांना काही सांगत नव्हतं.

शेवटी त्यांनी हात उचलला आणि डाव्या जांघेवर ठेवला. "हे," म्हणाले. "हे बाजू. ते झाली कालच."

सिस्टरने पेन काढून तिथे ठळक खूण केली. मग तिने सर्जनला विचारलं, भूलतज्ज्ञाला विचारलं, तपासणीचा कागद सगळ्यांसमोर वाचला, आणि सगळी उत्तरं जुळल्यावरच म्हणाली, "करा सुरू."

आतडं काळं पडलेलं नव्हतं. वेळेत सुटलं.

पुढे वैद्यकीय समितीचा अभिप्राय आला. तो सर्जनच्या विरुद्ध होता. खटला न्यायालयात गेला आणि त्यावर मी लिहिणार नाही. सिस्टर साक्षीदार झाली, आरोपी नाही. मी निवृत्त होईपर्यंत आमच्या ठाण्यात नव्या शिपायांना जबाब कसा घ्यायचा ते शिकवताना या प्रकरणाचं उदाहरण देत असे. कागद कितीही चांगला असू द्या, त्यावरचा प्रश्न वरच्या माणसाने खालच्या माणसाला कसा विचारला, यावरच सगळं असतं. ज्याला नाही म्हणायची मुभा नाही, त्याच्या ‘हो’वर विसंबून ना शस्त्र चालवावं, ना बेडी घालावी.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात डोकावलो. मुलगी खाली सतरंजीवर झोपली होती. सर्जन राउंडला आला होता. तो काकांच्या खाटेशी थांबला आणि सवयीने बोलून गेला, "दुखत नाही ना काका आता?"

काकांनी तोंड उघडलं, मिटलं. एकदा सिस्टरकडे पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच एखादं ओझं खाली ठेवावं तसं म्हणाले, "दुखते, डाक्टर सायेब. लय दुखते."

सिस्टर लगेच इंजेक्शन भरायला वळली.